नारळातलं गुंतवळ

नारळ फुटला, पण पाणी आलं नाही. करवंटीतून केसांचा एक गोळा खाली पडला.

टिनाच्या शेडखाली बसलेल्या तीन-चारशे माणसांच्या तोंडून एकदम "अगा बाप्पाऽ" निघालं. बायकांनी पदर आणखी घट्ट ओढले. मागे उभे असलेले दोघे-तिघे जण पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकले आणि पुढचे त्यांच्यावर खेकसले.

जटागिरी महाराजांनी तो गोळा दोन बोटांत धरून उंच केला. "देखो माई, देखो! देवाच्या फळात पाणी असते का केस? हे नवरात्रापासून श्मशानात गाडले होते. आज माह्या हुकमानं वर आले."

पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाचं एक जिनिंग होतं. मालकांची आपसांत भांडणं होऊन ते बंद पडलं आणि सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्याच्या आवारात महाराज प्रकटले. रोग एकच बरा करायचे : केस गळणं. गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या स्वतःच्या जटा ते दरबार सुरू होण्याआधी मांडीवर पसरून ठेवत. ज्याच्या दुकानात माल दिसतो त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं, एवढा धंदा त्यांना कळत होता. पोटात दुखलं तर माणूस चारचौघांत सांगतो, केस गळाले तर टोपी घेतो. दर मंगळवारी त्या शेडखाली अशा टोप्या उतरत. लग्न न जमणारे तिशीतले पोरगे, विरळ वेणीच्या बायका, डोक्यात रुपयाएवढे चट्टे पडलेली लेकरं घेऊन आलेल्या आया. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर काडीऐवजी नारळ मिळत होता.

महाराजांनी गोळ्यातून एक केस ओढला आणि पुढच्या म्हातारीच्या डोळ्यांपुढे नाचवला. "याच्या बुडाले काय दिसते?"

"पांढरं काई तरी हाय जी."

"ठिपका हाय का नाई?"

"हाय जी, हाय!"

"किड्याचं अंडं हाय थे! करणीचा किडा. केसाच्या मुळाशी अंडं घालते आणि केस गळते. घरी जाऊन पाहाजो, तुमच्या गळलेल्या एकेका केसाले हे अंडं दिसन. नाई दिसलं तर महाराजाच्या जटा कापून टाकाजो."

ही पैज महाराज दर मंगळवारी लावत. लोक घरी जाऊन पाहत आणि अंडं खरंच दिसे. त्यामुळे पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट होई.

त्या दिवशीचा नारळ नाचणगावच्या अनुसयाबाईंचा होता. त्यांची मुलगी रुचिका शेजारी मान खाली घालून बसली होती आणि पलीकडे त्यांची सून दिपाली, मांडीवर दोन वर्षांचं पोरगं घेऊन. आधीच्या मंगळवारी नाव लिहून, नारळ तिथेच ठेवून गेल्या होत्या, आज बोलावणं होतं. अनुसयाबाईंनी गोळा हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. रुचिकाचे केस जरासे भुरे होते. आईला लेकीचे केस ओळखू येणार नाहीत का?

"माह्या पोट्टीचेच हाय जी महाराज," त्या रडत म्हणाल्या. "कोनं केलं हे?"

महाराजांनी डोळे मिटले. जटा हलल्या. "बाहेरचं कोनी नाई. घरातूनच गेले. जिच्या हातानं गेले तिचे स्वतःचे केस कमरेच्या खाली हाय. बहिणीसारखी राहते आणि केसानं गळा कापते."

आजूबाजूच्या माना दिपालीकडे वळल्या. तिची वेणी पाठीवरून खाली येऊन सतरंजीवर टेकली होती. तिने ती पटकन पुढे घेतली, आणि तेच वाईट दिसलं.

"उपाय सांगा जी," अनुसयाबाई म्हणाल्या.

"जिनं दिले तिनं द्यायचे. येत्या मंगळवारी इथंच मुंडण. थे केस धुनीत जातीन, करणी उलटन. नाई केलं तर अक्षय्यतृतीयेपर्यंत पोट्टीचं डोकं मडक्यासारखं होईन. हे गुंतवळ तवरोक देवघरात लाल कापडात ठेवा. नारळ कोनी खायचा नाई, नदीत सोडा."

दिपालीला ओरडून सांगायचं होतं, मी काही केलं नाही. पण तिला तसं म्हणता येईना, कारण तिने ते केस खरोखरच दिले होते.

बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. गल्लीत नेहमीप्रमाणे तानाबाई आली होती, "केसावर भांडेऽ" अशी आरोळी देत. डोक्यावर टोपली, टोपलीत वाट्या, चाळण्या, रिबिनी. आपल्याकडे कुठली बाई विंचरताना निघालेले केस फेकते? गुंडाळी करून भिंतीच्या फटीत खोचते किंवा खिळ्यावरच्या पिशवीत ठेवते आणि तानाबाई आली की त्यावर काहीतरी घेते. दिपालीनेही पिशवीतलं गुंतवळ दिलं होतं. तिच्या स्वतःच्या केसांचं चिमूटभर असायचं. या वेळी रुचिकाचंच मूठभर होतं. तानाबाई हळहळली होती, "एवढे कोनाचे गळून राह्यले व बाई? ताप-गिप आलता का?" दिपालीने सगळं सांगितलं : दिवाळीत टायफाइड झाला, संक्रांतीनंतर केस गळायला लागले, वैशाखात लग्न आहे. तानाबाईनेच मग महाराजांकडे जायचं सुचवलं आणि दिपालीनेच ते घरात सांगितलं. केसांवर स्टीलची एक वाटी मिळाली. दिपालीचं पोरगं त्या वाटीत दूधभात खायचं.

घरी आल्याबरोबर अनुसयाबाईंनी ती वाटी अंगणात भिरकावली.

"एका वाटीपायी माह्या पोट्टीचा संसार इकला व तू!"

"आई, सगळेच देतात हो केस…"

"सगळ्यांच्या नणदा टकल्या होऊन राह्यल्या का?"

अनुसयाबाई मुळात दुष्ट बाई नव्हत्या. नवरा गेल्यावर किराणा दुकान चालवून त्यांनी दोन मुलं वाढवली होती. लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पिपरी मेघेच्या चांगल्या घरात झालं होतं. त्या वेळी मुलाची आई रुचिकाची वेणी हातात घेऊन चारचौघींत म्हणाली होती, "आम्ही तं केस पाहूनच पसंत केली पोरगी." तेव्हा सगळ्या हसल्या. आता तेच वाक्य अनुसयाबाईंच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. लेकीच्या उशीवर त्यांनी काळं कापड घातलं होतं, सकाळी उठल्यावर गळलेले केस तिला दिसू नयेत म्हणून.

दिपालीने नवऱ्याकडे पाहिलं. विवेक दुकानाच्या किल्ल्या बोटात फिरवत उभा होता.

"जाऊ दे ना व. केसच तर हाय. पुन्हा येतीन. आईचं मन राख."

"आणि गाव काय म्हणन? मुंडण कायचं केलं म्हणून विचारन. करणी करणारी म्हणतीन मले. या लेकराले करणीवालीचा पोरगा म्हणतीन."

"मग मी काय करू?" तो म्हणाला आणि दुकानात गेला.

रुचिका तिच्याजवळ येऊन बसली. "वहिनी, तू मुद्दाम नाई केलं, मले माहीत हाय. पण…" दिपालीला सासूच्या शिव्यांपेक्षा तो 'पण' जास्त लागला. कारण तिच्या स्वतःच्या मनातही तो होताच. आपल्याच हाताने हे झालं असेल तर? रोज सकाळी ती रुचिकाचं डोकं विंचरायची आणि फणीत केस आले की दोघी काही न बोलता दुसरीकडे बघायच्या. आपले केस देऊन हिचे परत येणार असतील तर द्यावेत, असंही तिला वाटून गेलं. मेलं ते मुंडण. पण न केलेलं पाप डोक्यावर घेऊन जन्मभर कसं जगायचं?

दुसऱ्या दिवशी फुटका नारळ नदीत सोडायचं काम तिच्यावरच आलं. पाण्यात सोडण्यापूर्वी तिने करवंट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. दहा वर्षं नारळ फोडणाऱ्या बाईचा हात तो. शेंडीखालच्या तीन डोळ्यांपैकी एक डोळा नेहमीपेक्षा मोठा होता. चांगलं बोट जाईल एवढा. कडेला काहीतरी पिवळट, चिकट वाळलं होतं. तिने नखाने खरवडून वास घेतला. डिंक होता. नारळाला डिंक कुठून येणार?

तिने तो तुकडा पदराला बांधला. घरी आली, देवघरातलं लाल कापड उघडलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. गोळ्याभोवती एक दोरा गुंडाळला होता, राणी रंगाचा. पिशवीत टाकताना गोळ्याला तो तिनेच बांधला होता आणि रीळही तिनेच पुलगावहून आणलं होतं, रुचिकाच्या साक्षगंधाच्या ब्लाउजसाठी, संक्रांत झाल्यावर. नवरात्रात श्मशानात गाडलेल्या केसांना संक्रांतीनंतरचा दोरा!

तिने धावत जाऊन सासूला दोरा दाखवला.

"थोच तं पुरावा हाय!" अनुसयाबाई म्हणाल्या. "तुह्या हातचा दोरा हाय म्हणते ना? महाराज हेच तं सांगून राह्यले."

"पण आई, नवरात्रात हा दोरा घरात नव्हता…"

"महाराजाच्या वर शहाणी झाली का तू?"

एकदा अंधाराला उजेड म्हणायचं ठरवलं की प्रत्येक गोष्ट पुरावा होते. दिपालीने दोराही पदराला बांधला. शिक्षा सहा दिवसांवर आली होती.

गुरुवारी तानाबाई आली. दिपालीने तिला अंगणात घेतलं, पाणी दिलं आणि करवंटी, दोरा तिच्यापुढे ठेवला. तानाबाईने दोरा पाहिला आणि टोपली उचलायला लागली.

"तानाबाई, मंगळवारी मले बोडून टाकून राह्यले. तुले दिलेल्या केसापायी."

तानाबाई थांबली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर भीती दिसली. "मले काय माहीत बाई? मी गरीब बाई. महाराजाचा माणूस म्हणे, कोनाच्या घरचं गुंतवळ वाढलं थे सांग, गोळा वेगळा बांधून आण, घरात कोन कोन हाय थे विचार. मले वाटलं, दवा देत असन."

"आणखी काय विचारते?"

"घरात लांब केसाची कोनी हाय का, थे विचारते." तिने टोपली खाली ठेवली. "गुंतवळाले काय भाव येते बाई? काईच नाई. मुळापासून कापलेल्या हातभर लांब केसाले भाव हाय. थे व्यापारी वजनावर घेते. टोप करते त्याचे."

ती गेली आणि दिपाली तुळशीजवळ बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढून आधीच्या मंगळवारी पाहिलेली मुंडणं सरकली. एक तरणी भावजय. एक शाळेतली पोरगी. आणि त्याआधी, दिवाळीच्या सुमारास बोडलेली गावातलीच जिजाबाई, जिच्यावर तिच्या जावेने आळ घेतला होता; चाळिशी उलटली तरी तिचे केस गुडघ्याला लागत. करणी करणारा एकही पुरुष निघाला नव्हता. विरळ केसांची एकही म्हातारी निघाली नव्हती. आणि बोडलेले केस आतल्या खोलीत धुनीत टाकतात म्हणे! चुलीत एक केस पडला तरी घरभर वास सुटतो. तिथे कधी उदाशिवाय कसला वास आला होता?

तरीही एक काटा राहिलाच होता. अंडं. तिने स्वतः पाहिलं होतं, रुचिकाच्या प्रत्येक गळलेल्या केसाच्या बुडाला तो पांढरा ठिपका होता. महाराज चोर असेल, पण किडा खरा असेल तर?

शुक्रवारी पोराला डोस द्यायचा म्हणून ती पुलगावच्या दवाखान्यात गेली. तिथे डॉ. नंदिनी थूल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सेलूकडच्या शेतमजुराची मुलगी, बोलायला सरळ. दिपालीने पोराचा डोस झाल्यावर सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून भिंग काढलं. "तुमची वेणी सोडा. विंचरा."

"माही?"

"हो, तुमची. किडा तुमच्या नणदेला लागला आहे ना? मग तुमचे केस पाहू."

फणीत सहा-सात केस आले. डॉक्टरीणबाईंनी एक उचलून भिंगाखाली धरला. दिपाली वाकली. केसाच्या बुडाला पांढरा ठिपका होता. दुसऱ्यालाही होता, तिसऱ्यालाही.

"मलेबी किडा लागला का?" तिने फणी खाली ठेवली.

"मलाही लागला मग," डॉक्टरीणबाई हसल्या आणि स्वतःच्या अंबाड्यातून एक सुटलेला केस ओढून दाखवला. "अहो, केसाचं मूळ आहे ते. केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो, विसावतो आणि त्याच्या बुडाशी अशी पांढरी गाठ तयार होते. खालून नवा केस आला की जुना गळतो. रोज पन्नास-शंभर केस असे प्रत्येकाचे गळतात. महाराजाने खरी गोष्ट दाखवली आणि तिला खोटं नाव दिलं."

"मग रुचिकाचे एवढे काऊन गळून राह्यले?"

"टायफाइड दिवाळीत झाला ना? मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदम विसावतात. त्या वेळी काही कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकदम गळतात. बाळंतपणानंतरही असंच होतं, तुमचे नव्हते गळाले? तोवर माणूस ताप विसरलेला असतो, म्हणून त्याला करणी आठवते. उद्या तिला घेऊन या, रक्त तपासू."

शनिवारी बांगड्या आणायच्या निमित्ताने दिपालीने रुचिकाला नेलं. रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डाळी-उसळी, अंडी खायला सांगितलं आणि कपाळाजवळचे केस मागे करून आरसा पुढे धरला. केसांच्या रेषेवर बोटाच्या पेराएवढे बारीक, ताठ केस उभे होते.

"हे काय हाय?" रुचिकाने विचारलं.

"हे नवे. सहा-आठ महिन्यांत भरून येतील. महाराजाकडे गेलीस तरी येतील, नाही गेलीस तरी येतील. फरक एवढाच, की त्याच्याकडे गेलीस तर त्याच्या नावावर लागतील."

रुचिका आरशात पाहतच राहिली. मग तिने वहिनीचा हात धरला आणि परतीच्या रस्त्यात सोडला नाही. घरी दोघींनी मिळून अनुसयाबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. म्हणाल्या, "डॉक्टरच्या गोळीनं करणी उतरते का? तूबी हिच्या नादी लागली का व पोट्टे?"

आणि मंगळवार आला.

दिपालीने जायला नकार दिला नाही. घरात बसून नाही म्हटलं असतं तर ती जन्मभर करणीवालीच राहिली असती. शेडखाली न्हावी वस्तरा पाजळत बसला होता. गर्दी नेहमीहून जास्त होती, कारण दुसऱ्याच्या घरची बाई बोडताना पाहायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. मागे, खांबाजवळ, दिपालीच्या बोलावण्यावरून आलेल्या डॉ. नंदिनी थूल भिंग घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी पदराने डोकं गच्च झाकलेली एक बाई होती.

"बसो माई," महाराज म्हणाले. "पाप कबूल कर आणि मोकळी हो."

दिपालीने वेणी सोडली. केस पाठीवर पसरले आणि महाराजांच्या चेल्याची नजर त्यांच्यावर खालपर्यंत फिरली. पोरगं रुचिकाच्या कडेवरून "आई, आई" करत होतं.

"महाराज, केस देते. पण एकच विनंती हाय. तुमच्या धुनीत नको. इथं सगळ्यांपुढे जाळा."

चेला महाराजांकडे बघू लागला. महाराज म्हणाले, "धुनी आत हाय. विधी आतच होते."

"मग मागच्या मंगळवारचे जळाले तवा वास काऊन नाई आला?"

शेडमध्ये कुजबुज झाली. चुलीशी जन्म गेलेल्या बायका होत्या त्या. त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"करणीवाली बोलून राह्यली!" महाराज गरजले. "तोंड बंद करा तिचं!"

दिपाली मात्र आता थांबणार नव्हती. पहिल्या ओळीत तळेगावहून आलेला एक म्हातारा, तानबा, नातीला घेऊन बसला होता. त्याच्यापुढे त्याचा नारळ ठेवलेला होता, फोडायच्या बेतात. "आजोबा, नारळ फोडू नका. निसती शेंडी ओढा."

"हात नको लावू!" चेला धावला. तो धावला नसता तर म्हाताऱ्याने कदाचित ओढली नसती. पण आपल्या नारळाला आपणच हात लावायचा नाही म्हणजे काय, असं म्हणून तानबाने शेंडी धरून हिसडा दिला. शेंडी आख्खीच्या आख्खी हातात आली. खाली डिंकाचा थर होता, त्याखाली बोटभर भोक आणि भोकातून डोकावणारा केसांचा गोळा.

"हे तं आमच्या घरचंच हाय," म्हाताऱ्याची सून उभी राहून म्हणाली. "मी तानाबाईले देल्लं होतं. चाळणी घेतली होती त्याच्यावर."

"मीबी देल्लं होतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी वाटी घेतली," दिपाली म्हणाली. "हाच गुन्हा हाय माहा. आणि अंडं म्हणाल तं हातच्या कांकणाले आरसा कायले? आपापल्या डोक्याचा सुटलेला केस पाहा. ज्याईचे दाट हाय त्याईनं पाहा." ती वाकली आणि महाराजांच्या भगव्या शालीला चिकटलेला त्यांच्याच दाढीचा एक लांब केस तिने चिमटीत उचलला. डॉक्टरीणबाईंनी पुढे येऊन भिंग धरलं.

तानबा डोळे बारीक करून वाकला. "हाय ना जी! महाराजाच्या दाढीलेबी अंडं हाय!"

पहिल्यांदा एक पोरगी हसली. मग सगळी शेड हसली, आणि त्या हसण्यापुढे महाराजांचा मंत्र कुणाला ऐकूच आला नाही. ते "अधर्म, अधर्म" म्हणत आत गेले, ते मागच्या दाराने बाहेर पडण्यासाठी. चार पोरांनी त्यांना कुंपणाजवळ धरलं. आणि ज्या दारामागे धुनी असायला हवी होती तिथे धुनी नव्हती. जिथे पूर्वी कापसाच्या गाठी रचत तिथे पोती रचलेली होती, आणि पोत्यांमध्ये लांबीप्रमाणे निवडून, सुतळीने बांधलेल्या वेण्या होत्या. पोलीस येईपर्यंत कितीतरी बायका त्या दारातून आत जाऊन आल्या. एकीने आपली वेणी ओळखली आणि छातीशी धरून ती तिथेच बसली.

डॉ. थूल खांबाजवळ उभ्या राहून लोकांशी बोलत होत्या. ज्या आयांच्या लेकरांच्या डोक्यात चट्टे होते त्यांना त्यांनी आधी जवळ घेतलं. "ही चाई. किडा नाही, शरीर स्वतःच्याच केसांवर उठतं. पुष्कळदा आपोआप भरते, नाही तर मलम आहे, इंजेक्शन आहे. आणि या पोरीच्या डोक्यात खवले आहेत, हे गजकर्ण. काही आठवडे गोळ्या घेतल्या की बरं होतं, नाही घेतल्या तर कायमचं टक्कल पडू शकतं. उद्याच या." कुणाला रक्त तपासायला सांगितलं, कुणाला गळ्यातल्या थायरॉइड नावाच्या गाठीची तपासणी, कुणाला वेण्या इतक्या ताणून न घालायला. टोपीवाल्या पोरग्यांना त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "तुमचं टक्कल घराण्यातून आलंय. लावायचं औषध निघालं आहे. ते रोज लावलं तर गळणं कमी होतं, थोडे केस येतातही, बंद केलं की पुन्हा पहिल्यासारखं. परवडत नसेल तर नका घेऊ. टकलाने कुणी मरत नाही."

अनुसयाबाई सतरंजीवर तशाच बसून होत्या. त्यांनी आपला पांढरा अंबाडा सोडला होता आणि हातात एक केस धरून त्या उजेडाकडे पाहत होत्या. दिपाली जवळ आली तशा त्या म्हणाल्या, "माह्याबी केसाले हाय व." मग त्यांनी सुनेचे पाय धरायला हात पुढे केले.

दिपाली मागे सरली. "आई, माहे पाय नका धरू. माहे केस तं राह्यले." तिने खांबाजवळच्या त्या बाईला बोलावलं. "हिचे धरा."

त्या बाईने पदर खाली घेतला. जिजाबाई होती; दिपालीनेच तिला निरोप धाडून बोलावलं होतं. डोक्यावर अंगठ्याएवढे केस उभे होते, काळेभोर. तिला बोडल्यावर घरातून काढलं, तेव्हापासून ती आर्वीच्या बाजारात पोती शिवत होती. तिला हाकलायला गावातल्या ज्या पाच बायका गेल्या होत्या त्यांत अनुसयाबाई होत्या.

"केस तं येऊन राह्यले बाई," जिजाबाई कुणाकडेच न पाहता म्हणाली. "घर नाई आलं."

त्या दिवशी पुलगावच्या गाडीत अनुसयाबाई जिजाबाईच्या शेजारी बसल्या. नाचणगावात उतरल्यावर स्वतःच्या घराकडे न वळता त्या आधी जिजाबाईच्या दाराशी गेल्या आणि भर गल्लीत तिच्या जावेला म्हणाल्या, "हिनं काई केलं नोतं. आपुन केलं. हिले घरात घे." जाऊ लगेच दारातून बाजूला झाली नाही. तेव्हा अनुसयाबाई उंबऱ्यावरच बसल्या आणि दार मोकळं होईपर्यंत उठल्या नाहीत.

वैशाखात रुचिकाचं लग्न झालं. वेणी बोटाएवढीच बारीक होती. मुलाच्या आईने विचारलं तेव्हा रुचिकाने स्वतःच सांगितलं, "दिवाळीत टायफाइड झालता, गळाले. येऊन राह्यले आता." एवढं साधं उत्तर होतं ते, आणि त्याच्याऐवजी एका घराने एका सुनेला बोडायला नेलं होतं.

म्हणून सांगायचं इतकंच. आज विंचराल तेव्हा फणीतला एक केस उजेडाला धरून बघा. त्याच्या बुडाला पांढरा ठिपका दिसेल. तो तुमचाच आहे, कुणी पाठवलेला नाही. केस जास्तच गळत असतील तर मागच्या तीन महिन्यांत काय दुखणं झालं ते आठवा आणि डॉक्टरकडे जा. आणि कुणी म्हणालं की तुमच्या दुःखाला तुमच्याच घरातली एक बाई कारण आहे, तर त्याने तिचंच नाव का घेतलं, आणि तिच्याकडचं काय त्याला हवंय, हे आधी विचारा.